नागपूरहून कोकण किनाऱ्यावरील गावात अल्पकालीन मिशन दौरा: आमंत्रणापासून परतीनंतरच्या अहवालापर्यंत

चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत मिशन दौऱ्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा 'कुठे जायचे' हा असतो आणि दुसरा 'कधी जायचे' हा. आपल्याला बोलावले कोणी आहे, हा प्रश्न मात्र तिकिटे काढून झाल्यावर आठवतो. हा लेख त्या उशिरा येणाऱ्या प्रश्नापासून सुरू होतो, कारण सात-आठ दिवसांच्या दौऱ्याचा लाभ गावाला होईल की गावावर त्याचा भार पडेल, हे बरेचसे तेथेच ठरते. येथे डोळ्यांसमोर नागपुरातील एखादी मंडळी (स्थानिक चर्च) आणि रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मच्छीमारांचे गाव ठेवले आहे. पालघर आणि वसईच्या किनाऱ्यालाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

सहा ते आठ महिने आधी: आमंत्रण

किनाऱ्यावर जाणाऱ्या नागपूरकराने प्रथम हे ध्यानात घ्यावे की तेथील ख्रिस्ती समाज आपल्यापेक्षा जुना आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरात काम सुरू केले ते १८४५ च्या सुमारास. स्कॉटिश मिशनरी त्यापूर्वी वीसेक वर्षे, १८२३ मध्ये, कोकणातील बाणकोटला पोहोचले होते. वसईतील कॅथलिक समाजाची मुळे तर सोळाव्या शतकात जातात, आणि रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजवर आधारलेली बोली आजही घरात बोलतात. अशा ठिकाणी आपण 'सुवार्ता घेऊन' प्रथमच जात आहोत, असा आव आणणे इतिहासाला धरून नाही आणि यजमानांनाही दुखावणारे आहे. आपण जातो ते तेथील मंडळीच्या हाताखाली काही दिवस राबण्यासाठी.

म्हणून पहिली पायरी पत्राची. आपल्या पाळक साहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) तेथील पाळकांना, आणि आवश्यक असेल तेथे आपल्या बिशप कार्यालयाने त्यांच्या बिशप कार्यालयाला लिहावे. नागपूरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्यांना हे तुलनेने सोपे आहे, कारण सहा चर्च-संस्था एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती आपल्याच शहरात, आणि कोकणातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांपर्यंत पोहोचण्याचा अधिकृत मार्ग त्यामुळे तयारच आहे. गाव कॅथलिक असेल तर धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांची संमती घ्यावी. सिंधुदुर्गसाठी २००५ पासून स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपांचे कार्यक्षेत्र) आहे. स्वतंत्र मंडळ्यांनी निदान त्या गावात कायम राहणाऱ्या एका जबाबदार पाळकाचे नाव हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पत्रात आपला कार्यक्रम लिहून पाठवू नये. आपल्याकडे कोण माणसे आहेत (इलेक्ट्रिशियन, परिचारिका, शिक्षिका, गवंडी, गायक), किती दिवस येऊ शकतात आणि खर्च कोण करणार, एवढेच सांगून त्यांची गरज विचारावी. उत्तर 'या वर्षी नको' असे आले तर ते मान्य करावे. एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते: पत्रानंतर दोघांनी, शक्यतो एका पुरुषाने आणि एका स्त्रीने, आधी स्वतः जाऊन दोन दिवस राहून यावे. पाणी कोठून येते, स्वच्छतागृहे किती, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आणि मंडळीतील स्त्रियांचे म्हणणे काय, या गोष्टी फोनवर नीट कळत नाहीत. स्त्रियांचे म्हणणे तर मुद्दाम ऐकावे, कारण दहा-बारा पाहुण्यांचा स्वयंपाक शेवटी त्यांच्याच माथी येतो.

तारीख ठरवताना

नागपूरची मंडळी सहसा शाळा-महाविद्यालयांच्या सुट्ट्या पाहून तारीख काढते. मासेमारीच्या गावाचे वर्ष वेगळ्या हिशेबाने चालते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते; या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणण्याची व दुरुस्तीची कामे चालतात आणि माणसे घरी भेटतात. पण पाऊस इतका असतो की बाहेरचे कोणतेही काम धड होत नाही आणि कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. नारळी पौर्णिमेनंतर हंगामाची घाई सुरू होते. गणपतीत आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, त्यामुळे घरे भरलेली असतात व गाड्यांना जागा नसते. एप्रिल-मे मध्ये अनेक गावांत पिण्याच्या पाण्याची ओढ असते. नागपूरच्या उन्हाळी सुट्टीत दहा-बारा माणसे तेथे आंघोळीला नेऊन उभी करणे हा यजमानांवर अन्यायच आहे. माझ्या मते नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. नाताळचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा यजमान मंडळीला स्वतःची कामे पुरून उरतात.

गटात बारापेक्षा अधिक माणसे नसावीत. दोन-तीन अनुभवी प्रौढ, त्यांत निदान एक स्त्री, एक परिचारिका किंवा प्रथमोपचार शिकलेली व्यक्ती आणि उरलेले तरुण, अशी जुळणी ठीक पडते.

काम कोणते घ्यावे, कोणते घेऊ नये

आठवडाभरात पूर्ण होईल आणि आपण निघून गेल्यावर ज्याची देखभाल गावाला करता येईल, असेच काम घ्यावे. उपासना मंदिराची रंगरंगोटी, वायरिंगची तपासणी, संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचे शिबिर, दहावीच्या मुलांसाठी गणित-इंग्रजीची उजळणी, किनाऱ्याची स्वच्छता ही अशी कामे आहेत. रंगकाम घेतले तर रंग व साहित्य तालुक्याच्या दुकानातून घ्यावे आणि गावातल्याच रंगाऱ्याला मजुरी देऊन प्रमुख नेमावे. फुकट राबणाऱ्या पाहुण्यांमुळे त्याचा रोजगार बुडता कामा नये. नवीन बांधकामाचा विचार मात्र करू नये. भरतीरेषेजवळच्या पट्ट्यात किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात आणि परवानगीवाचून उभी केलेली साधी शेडसुद्धा पुढे यजमान मंडळीच्याच अंगलट येते.

किनारा स्वच्छ करतानाही जपून काम करावे. नोव्हेंबर ते मार्च हा कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ असतो. वेळास, आंजर्ले यांसारख्या गावांत स्थानिक लोकांनी घरटी राखण्याचे काम मोठ्या निष्ठेने केले आहे. त्यामुळे भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत फावडे, दाताळे चालवू नये, रात्री विजेऱ्या घेऊन किनाऱ्यावर फिरू नये, आणि कासवमित्र असतील तर त्यांना विचारूनच जागा ठरवावी. पडलेले जाळे दिसले तर ते टाकाऊ आहे असे परस्पर समजू नये, कारण वाळत घातलेले जाळे हे कोणाचे तरी भांडवल असते.

वैद्यकीय शिबिराबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. उरलेली औषधे गोळा करून नेणे आणि नोंदणीकृत डॉक्टरांशिवाय ती वाटणे हे धोकादायक आहे. एकदा रक्तदाब मोजून चिठ्ठी दिल्याने रुग्णाचे काही भले होत नाही. पुढच्या महिन्यात तो कोणाकडे जाईल हे ठरलेले असावे लागते. शिबिर घ्यायचेच तर तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना आधी लेखी कळवावे, आशाताईंना सोबत घ्यावे, आणि नोंदवही रुग्णांच्या संमतीने आरोग्य केंद्राकडे द्यावी. नागपूरच्या डॉक्टरांनी तेथे सल्ला देताना आरोग्य केंद्रात जी औषधे नेहमी मिळतात तीच लिहावीत.

कायदा आणि मर्यादा

संविधानाचे २५ वे कलम प्रत्येकाला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार देते. रेव्ह. स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार समाविष्ट नाही. ही दोन्ही वाक्ये गटातील प्रत्येकाला माहीत असावीत. धर्मांतरासंबंधीचे राज्यांचे कायदे बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी महाराष्ट्रात त्या वेळी कोणता कायदा लागू आहे, हे वकिलाकडून समजून घ्यावे. भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमानुसार कोणाच्याही धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हा गुन्हा आहे. पण गुन्हा नसता तरीही दुसऱ्याच्या देवाविषयी हलके बोलणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

व्यवहारात एक कडक नियम पाळावा: ज्या पिशवीतून वस्तू जाते त्या पिशवीतून धर्माचे पत्रक जाऊ नये. वही, औषध किंवा धान्य देताना प्रार्थनेला येण्याची अट किंवा सूचनासुद्धा नसावी. आजार बरा करण्याचे आश्वासन कधीही देऊ नये. कोणी प्रार्थनेची विनंती केली तर अवश्य प्रार्थना करावी आणि त्याच वेळी डॉक्टरांचे औषध चालू ठेवण्यास सांगावे. घरोघरी पत्रके वाटावीत की नाही हे यजमान पाळकांनी ठरवावे, आपण नाही. आपण आठव्या दिवशी गाडीत बसतो; शेजाऱ्यांशी संबंध बिघडले तर त्याचा त्रास त्या मंडळीतल्या कुटुंबांना वर्षानुवर्षे भोगावा लागतो. ग्रामपंचायतीच्या सरपंचांना पहिल्याच दिवशी भेटावे, मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावायचा असल्यास पोलिसांची परवानगी घ्यावी, आणि रात्री दहानंतर तो बंद ठेवावा.

गटात परदेशी पाहुणे असतील तर पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराचे काम करता येत नाही, हे त्यांना आधीच सांगावे. परदेशातून आलेली देणगी २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय स्वीकारता येत नाही. मित्राने प्रेमाने पाठवलेली रक्कमही याला अपवाद नाही.

पैसे आणि प्रवास

अंदाजपत्रक मंडळीच्या खजिनदारांकडे असावे. पावती पुस्तक एक, खर्चावर सह्या दोन. राहण्या-जेवणाचा संपूर्ण खर्च आपला. स्वयंपाकाचे काम गावातील महिला बचत गटाला ताटामागे ठरलेल्या दराने द्यावे, म्हणजे यजमान घरांवर भार पडत नाही आणि पैसा गावातच राहतो. एकूण रकमेचा काही भाग परतीनंतरच्या कामासाठी राखून ठेवावा.

नागपूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर आहे. विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोने जाऊन पुढे कोकण रेल्वेची गाडी धरता येते. नागपूर–मडगाव विशेष गाडी कल्याण-पनवेलमार्गे थेट कोकणात उतरते, मात्र तिची मुदत वेळोवेळी वाढवली जात असल्याने तारीख पक्की करण्यापूर्वी ती चालू आहे का ते पाहावे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, तेव्हा बारा जणांच्या गटासाठी दोघांनी एकाच वेळी तयार राहावे. स्थानकापासून गावापर्यंतची जीप किंवा एसटी यजमानांना विचारून आधीच ठरवावी.

सामानाबद्दल थोडक्यात: सुती कपडे, चादर, पाण्याची बाटली, टोपी, स्वतःचे ताट-पेला. खाऊ म्हणून संत्रा बर्फी न्यायला हरकत नाही.

आठ आठवड्यांची तयारी

निघण्यापूर्वी दर आठवड्याला एकदा, दीड-दोन तास, संपूर्ण गटाने भेटावे. जो सातत्याने येत नाही त्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवावे. शास्त्रपाठासाठी लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घ्यावा. येशूने पाठवलेल्यांना घरे बदलत फिरू नका, वाढतील ते खा, असे तेथे सांगितले आहे, आणि दौऱ्यातील निम्मे शिष्टाचार त्यात येतात. सावजीच्या तिखटाला सरावलेल्या जिभेला रोजचा भात आणि बांगड्याची आमटी सवयीची नसेल. तरी ताटात आलेले आनंदाने खावे, आणि शाकाहारी किंवा ॲलर्जी असलेल्या सदस्यांची नावे स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना आधी कळवावीत.

गाणी त्यांना येणारी निवडावीत. रेव्ह. नारायण वामन टिळकांची भजने येथे फार उपयोगी पडतात. टिळक जन्माने कोकणातील करजगावचे. पुढे ते नागपुरात राहिले आणि नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांना नवा करार मिळाला, त्यामुळे ती भजने दोन्हीकडच्या मंडळींना सारखीच आपली वाटतात. ढोलकी, पेटी, टाळ पुरेत. की-बोर्ड आणि मोठे स्पीकर नागपुरातच राहू द्यावेत.

तयारीच्या काळात प्रत्येकाकडून आरोग्याची माहिती, रक्तगट, घरचा संपर्क आणि अठरा वर्षांखालील सदस्यांसाठी पालकांचे लेखी संमतिपत्र घ्यावे.

समुद्र

या विषयावर एक पूर्ण बैठक खर्च करावी असे मी आग्रहाने सांगेन. आपली बहुतेक मुले नागपूरचे अंबाझरी आणि फुटाळा तलाव पाहून मोठी झालेली असतात. पाणी जागेवर असते, ही समजूत त्यांच्या मनात नकळत पक्की झालेली असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता.

भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. कोकणातील जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि पाणी अधिक वेगाने चढते-उतरते. हा हिशेब समजण्यासाठी आहे. सुरक्षिततेसाठी त्या दिवसाचा भरतीतक्ता पाहावा आणि गावातील मच्छीमारांचा शब्द अखेरचा मानावा. ओहोटीत मोकळ्या झालेल्या खडकांवर गेलेली माणसे भरतीत मागे अडकतात, हे प्रत्येकाला नीट समजावून सांगावे.

दौऱ्याच्या काळात समुद्रात पोहणे पूर्ण बंद ठेवावे. किनाऱ्यावर जाताना जोडीने आणि गटप्रमुखाला सांगून जावे. चुकून कोणी आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलाच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर यावे. आणि काठावरच्यांनी मागून उडी न घेता दोर, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे. होडीतून जायचे असल्यास जीवरक्षक जॅकेटशिवाय कोणीही चढू नये. तटरक्षक दलाचा १५५४, आपत्कालीन ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

जेलिफिशचा दंश झाल्यास जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी. पाकट माशाचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. नागपूरच्या उन्हाची सवय असली तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर लवकर थकते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पेय जवळ ठेवावे.

गावातील दिवस

दिवसाची आखणी होड्यांच्या वेळेवर करावी. लिलावाच्या वेळी बंदरावर गर्दी करू नये. तो लोकांच्या पोटापाण्याचा तास आहे, पाहण्याचा कार्यक्रम नाही. मासळी निवडणे, सुकवणे आणि बाजारात नेणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात, तेव्हा महिला मंडळाची सभा कोणत्या वेळी ठेवायची हे त्यांनाच विचारावे. कोणी रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढायला हाताशी बोलावले तर जरूर जावे. दोराला हात लावून तासभर उभे राहिल्यावर जे बोलणे होते ते व्यासपीठावरून होत नाही. मोठ्यांना काका, मावशी, दादा म्हणावे, आणि त्यांच्या बोलीची नक्कल करून हसू नये.

रविवारच्या उपासनेत उपदेश यजमान पाळकांनीच करावा, असे मी सुचवीन. आपल्या गटाने एक गीत, एक छोटी साक्ष (विश्वासाच्या अनुभवाचे कथन) आणि प्रार्थनेत सहभाग एवढे घ्यावे. रोज रात्री गटाने अर्धा तास एकत्र बसून दिवसाचा आढावा घ्यावा आणि यजमानांपैकी एकाला तेथे बोलवावे.

मुलांसोबतच्या कामाचे नियम लेखी असावेत. कोणताही प्रौढ कोणत्याही मुलासोबत एकटा राहणार नाही. दोन प्रौढ, उघडे दार. मुलांना वैयक्तिक भेटी, पैसे किंवा आपला फोन क्रमांक द्यायचा नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'मंडळीतच मिटवू' हा पर्याय कायद्यात नाही आणि असूही नये. मुलांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. मोठ्यांचेही छायाचित्र विचारून घ्यावे, आणि घर मोडके दिसावे म्हणून कोन शोधून तर कधीच घेऊ नये.

परतल्यानंतर

परतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत हिशेब बंद करून अहवाल लिहावा आणि त्याची पहिली प्रत यजमान पाळकांना पाठवावी. त्यांनी दुरुस्त करून दिल्यावरच तो नागपूरच्या मंडळीत वाचावा. 'इतक्या लोकांना स्पर्श झाला' अशी आकडेवारी त्यात नसावी, कोणते काम पूर्ण झाले, कोणते राहिले आणि किती खर्च झाला हे असावे. गावातील कोणी सदस्याकडे वैयक्तिक मदत मागितली तर ती परस्पर पाठवू नये, यजमान मंडळीच्या समितीमार्फत जावी, नाहीतर एका घराला मिळालेल्या पैशामुळे शेजारच्या चार घरांत कटुता येते.

तीन महिन्यांनी पाळकांना फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: आपण केलेले काम टिकले का, आपल्या येण्याने कोणाला त्रास झाला का, आणि पुन्हा यावे का. पुन्हा या, असे उत्तर आले तर नवे गाव शोधत न बसता त्याच गावी जावे. त्यापूर्वी तेथील चार-सहा तरुणांना आपल्या खर्चाने नागपूरला बोलवावे, आपल्या घरांत ठेवून घ्यावे, रविवारी आपल्या उपासनेत त्यांना गाऊ द्यावे आणि पुढच्या दौऱ्याचे काम त्यांच्यासोबत बसून ठरवावे.